पहारा पाळीने द्यायचा असतो

पत्राचा सारांश असा : पत्रलेखिका ४३ वर्षांच्या असून कोल्हापुरात पंचगंगेपासून जवळच्या भागात राहतात. सासरी तीन पिढ्यांपासून गणेशमूर्ती घडवण्याचा व्यवसाय आहे. २०१९ आणि २०२१ या दोन्ही महापुरांत रंगकामाला आलेल्या मूर्ती घरातच पाण्याखाली गेल्या आणि त्यानंतर कर्ज वाढत गेले. तेव्हापासून मृग लागला की पती रात्ररात्र जागून मोबाइलवर राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी पाहत बसतात, दिवसा मुलांवर चिडतात आणि जेवताना कोणाशी बोलत नाहीत. तालमीच्या कट्ट्यावर जाणेही त्यांनी बंद केले आहे. डॉक्टरांचा विषय काढला की ‘मला काय याड लागलंय काय?’ असे विचारतात. लेखिकेला स्वतःला रोज रात्री अडीचच्या सुमारास जाग येते, फोडणीचा वासही नकोसा होतो, आणि आठवड्यातून दोन-तीनदा त्या सासूबाईंची झोपेची गोळी अर्धी करून घेतात. रंग आणि माती उधारीवर मिळेना तेव्हा त्यांनी पाटल्या गहाण ठेवल्या, पण त्या लॉकरमध्ये आहेत असे पतींना सांगितले. पतींनी एका खासगी सावकाराकडून पैसे घेतल्याचे त्यांना बाहेरून कळले आहे, पण कळल्याचे त्यांनी दाखवलेले नाही. २०२१ च्या पुरात सर्वांना तीन आठवडे थोरल्या दिरांकडे राहावे लागले. तेथे जावेशी शब्दाला शब्द वाढला आणि तेव्हापासून येणे-जाणे थांबले. तरीही निघताना जावेने हातात दिलेला चटणीचा डबा अजून यांच्याच फळीवर आहे. नदीकाठचे घर विकून टाकावे, असे दीर म्हणतात. लेखिका विचारतात, ‘मला काही झालेले नाही, पण मी खचले तर घर खचेल. मी खंबीर कशी राहू, आणि यांना पूर्वीसारखे कसे करू?’

ताई,

तुमच्या पाच पानी पत्रातील सर्वांत महत्त्वाची ओळ तुम्ही ताजा कलमात लिहिली आहे, म्हणून मी उत्तराची सुरुवात तेथूनच करते. ‘परवा जेवताना हे म्हणाले, या पावसात सगळंच गेलं तर बरं, सुटू एकदाचं. चिडून म्हणाले असतील,’ असे तुम्ही लिहिता. तसे असूही शकेल, कारण कर्जाने आणि जागरणाने थकलेला माणूस असे वैतागून बोलतो आणि दुसऱ्या दिवशी कामालाही लागतो. परंतु ही गोष्ट आपण तर्काने ठरवू नये, विचारूनच घ्यावी. घरात दुसरे कोणी नसताना आणि त्यांच्या हातात मोबाइल नसताना शेजारी बसा आणि सरळ शब्दांत विचारा, ‘अहो, परवा तुम्ही सुटू म्हणालात, ते कर्जातून की जगण्यातून? जीव द्यायचा विचार मनात येतो का?’ असे विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरेल ही भीती बहुतेकांना वाटते, पण मानसोपचारात काम करणाऱ्यांचा अनुभव आणि आजवरचे अभ्यास याच्या उलट सांगतात. विचारण्याने तो विचार पेरला जात नाही. जो माणूस एकटाच त्याच्याशी झुंजत असतो, त्याला बोलायला वाट मिळते.

उत्तर ‘हो’ आले, किंवा ते काहीच न बोलता उठून गेले, तर त्या रात्री त्यांना एकटे सोडू नका. घरातली औषधे आणि रंगकामाची रसायने कुलपात ठेवा. ‘टेली मानस’ या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, तो मोफत आहे आणि तेथे मराठीत बोलता येते. धोका जवळचा वाटला तर फोनवरही थांबू नका, सरळ सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात न्या. जावेशी बोलणे नसले तरी दिरांना फोन करा. घरची गोष्ट बाहेर जाईल, हा विचार त्या रात्रीपुरता बाजूला ठेवा. हे सर्व करण्याची वेळ बहुधा येणार नाही, पण काय करायचे हे आधी माहीत असले म्हणजे विचारण्याचे धैर्य होते.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. मी उंचावरच्या भागात राहते आणि आमच्या दारात पाणी कधी आलेले नाही, त्यामुळे तुमच्या अनुभवाची बरोबरी मी करणार नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला, दूध आणि पेट्रोल मिळेना, त्या दिवसांची आमची आठवण गैरसोयीची आहे. तुमची आठवण वेगळी आहे. पत्रात तुम्ही लिहिले आहे की पाणी ओसरल्यावर दार उघडले तेव्हा शाडूच्या मूर्तींचा नुसता चिखल झाला होता आणि त्या चिखलात एका मूर्तीचा सोनेरी रंगाचा मुकुट तेवढा ओळखू येत होता. गणेशचतुर्थीला एक महिना उरला असताना सहा महिन्यांचे काम असे जमिनीवर पसरलेले पाहणे, आणि दोन वर्षांच्या आत तेच पुन्हा पाहणे, ही साधी आर्थिक हानी नाही. त्या दोन्ही वर्षी राजाराम बंधाऱ्याजवळ पाणी ५५ फुटांच्या पुढे गेले होते. तुमच्या घराने ते अंगावर घेतले आहे, आणि शरीर अशी गोष्ट विसरत नाही. संकटाचा जो काळ, जो वास, जो आवाज असतो तो पुन्हा आला की मेंदूतील धोक्याची घंटा वाजू लागते, मग प्रत्यक्ष धोका असो वा नसो. म्हणून तुमच्या घरी मृगाचा पहिला पाऊस पडला की मातीचा वास सुखद वाटत नाही. ‘यांचा स्वभावच बदलला’ असे तुम्ही पत्रात चार ठिकाणी लिहिले आहे. मला तो स्वभाव वाटत नाही. जूनमध्ये सुरू होते आणि गणपती गेल्यावर बऱ्यापैकी ओसरते, असेही तुम्हीच लिहिता. स्वभाव असा नक्षत्र पाहून बदलत नाही.

‘खंबीर’ हा शब्द तुम्ही ज्या अर्थाने वापरता, त्याबद्दलही मला थोडे बोलायचे आहे. तुमच्या पत्रात खंबीर असणे म्हणजे रडायचे ते मोरीत जाऊन नळ सोडून, पाटल्या गहाण पडल्या तरी चेहऱ्यावर दिसू द्यायचे नाही, सावकाराचे कळले तरी न कळल्यासारखे वागायचे. हे तुम्ही घरावरच्या प्रेमापोटी करता याबद्दल मला शंका नाही. पण नेमके हेच तुमचे पतीही करत आहेत, हे तुमच्या लक्षात आले आहे का? त्यांनी सावकाराचे पैसे तुमच्यापासून लपवले, कारण तुम्हाला घोर लागू नये. तुम्ही पाटल्या त्यांच्यापासून लपवल्या, कारण त्यांना कमीपणा वाटू नये. ते बाहेरच्या खोलीत अडीच वाजता मोबाइल पाहत बसलेले असतात आणि तुम्ही आतल्या खोलीत अडीच वाजता छताकडे पाहत पडलेल्या असता. मध्ये एक भिंत आहे, आणि तुमच्या म्हणण्याप्रमाणे त्या भिंतीवर २०२१ च्या पाण्याची खूण अजून आहे. त्या खुणेच्या दोन बाजूंना दोन माणसे एकाच गोष्टीला भिऊन जागी आहेत, आणि प्रत्येकाला वाटते की दुसरा झोपला आहे.

जुन्या काळी गावात रात्रीचा पहारा असे तेव्हा तो पाळीने दिला जाई. रोज सगळेच जागले तर चौथ्या रात्री सगळेच झोपी जातात, हे लोकांना अनुभवाने माहीत होते. तुमच्या घरात दोघेही रोजचा पहारा देत आहेत आणि दोघांनाही जोडीदार नाही. त्यामुळे ‘मी खंबीर कशी राहू’ याऐवजी ‘आम्ही पाळी कशी लावू’ असा प्रश्न घेऊन पाहा.

याची सुरुवात नदीपासूनच करावी, असे मला वाटते, कारण नदीबद्दल बोलायला तुमचे पती तयार आहेत. भावनांबद्दल बोला म्हटले तर ते उठून जातील. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी धरली जाते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा अधिक पाठ आहे. पाणी कोणत्या फुटाला गल्लीच्या तोंडाशी येते, कोणत्या फुटाला तुमच्या पायरीला लागते आणि त्यानंतर साधारण किती तासांनी आत शिरते, हे तुमच्या घराला दोन महापुरांनी शिकवले आहे. एका संध्याकाळी कागद-पेन घेऊन दोघे बसा आणि ते लिहून काढा. कोणत्या फुटाला लहान मूर्ती माळ्यावर न्यायच्या, कोणत्या फुटाला मोठ्या मूर्ती उंचावरच्या गोदामात हलवायच्या, टेम्पो कोणाचा, सासूबाईंना कधी आणि कोणाकडे पोहोचवायचे, कागदपत्रांची पिशवी कोण उचलणार, असे एकेक ठरवा. मग खाली एक ओळ लिहा : अमुक फुटांच्या आत पाणी असेल तर रात्री दहानंतर कोणीही पातळी पाहायची नाही. त्या आकड्याच्या वर गेले तर पाळी लागेल. दहा ते दोन एकजण, दोन ते सहा दुसरा. तुमचा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे, त्यालाही पाळी द्या. त्याला लहान समजून बाजूला ठेवले आहे म्हणूनच तो वडिलांवर उलटून बोलतो, अशी माझी दाट शंका आहे. हा कागद स्वयंपाकघरात भिंतीवर लावा, पण खुणेच्या वर.

वरकरणी ही पुराची तयारी आहे, आणि ती तशी असलीच पाहिजे. पण तिचा मनावरही परिणाम होतो. न संपणारी काळजी रात्रभर चालते, कारण तिला कोठे थांबायचे ते ठाऊक नसते. तिला एक आकडा, एक वेळ आणि एक जबाबदार माणूस नेमून दिला की मेंदूला विसावा घेता येतो. मोबाइलवर ‘राधानगरीचा सहा नंबरचा दरवाजा उघडला’ अशी बातमी रात्री एक वाजता वाचल्याने पाण्याची गती कमी होत नाही, आणि वाचणाऱ्याची उरलेली झोप मात्र जाते. संदेशांच्या गटांत तर तीच बातमी चौदा वेळा येते, त्यात मागच्या पुरातले व्हिडिओ आजचे म्हणून फिरतात. दिवसातून दोनदा, सकाळी आणि संध्याकाळी, अधिकृत आकडा पाहावा आणि गट बंद आवाजात ठेवावेत. नदीकाठी राहणाऱ्या सर्वांनीच हे करून पाहावे.

कागद तयार झाल्यावर, त्याच दिवशी नव्हे पण त्याच आठवड्यात, पैशांच्या गोष्टीला हात घाला. येथे पहिले पाऊल तुम्ही उचलावे असे मी सुचवते, आणि ते सावकाराचा विषय काढून नव्हे. तुमचे स्वतःचे आधी सांगा. ‘अहो, मी एक गोष्ट तुमच्यापासून लपवली आहे, पाटल्या लॉकरमध्ये नाहीत,’ एवढेच म्हणा आणि थांबा. ते रागावतील, कदाचित दोन दिवस बोलणार नाहीत. तरी तुमचे गुपित बाहेर आल्यावर त्यांचे बाहेर यायला जागा होईल. ‘तुमचंही मला कळलंय’ असा पत्ता त्या वेळी टाकू नका, कारण मग ती कबुली न राहता उलटतपासणी होईल. सर्व देणी एका वहीत एकत्र आली की पुढचे व्यवहाराने पाहता येते. बँकेकडे हप्ते लांबवून मागता येतात का ते विचारा, मालाचा विमा घ्याल तेव्हा त्यात पुराची जोखीम धरली आहे का हे वाचून घ्या, मूर्ती तयार होत असतानाच तारखेसह फोटो काढून ठेवा, म्हणजे पंचनाम्याच्या वेळी उपयोग होईल. सावकाराकडे परवाना आहे का हेही पाहा. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे आणि त्याची तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते. मनाच्या आरोग्याच्या सदरात सावकाराचा कायदा कशाला, असे कोणाला वाटेल, पण ज्या घरी दारावर वसुलीची थाप पडते, त्या घराला नुसता प्राणायाम सांगणे मला योग्य वाटत नाही.

आता तुमच्याविषयी. ‘मला काही झालेले नाही’ या वाक्याखालीच तुम्ही लिहिता की रोज अडीचला जाग येते, जेवण जात नाही, दोन महिन्यांत दोन ब्लाउज सैल झाले आणि मुलीने प्रथम क्रमांक मिळवला तेव्हाही आतून काही वाटले नाही. ताई, हे काही न होणे नाही. झोप, भूक आणि आनंद या तिन्ही गोष्टी दोन आठवड्यांहून अधिक काळ बिघडलेल्या असतील तर डॉक्टर नैराश्याच्या शक्यतेचा विचार करतात. तुम्ही ४३ वर्षांच्या आहात, त्यामुळे पाळी जाण्याच्या आधीचे बदल, थायरॉइड आणि रक्तातले हिमोग्लोबिन यांचीही तपासणी व्हायला हवी, कारण या तिन्हींमुळेही असाच थकवा आणि अशीच जागरणे होऊ शकतात. सासूबाईंची गोळी मात्र आजपासून घेऊ नका. ती त्यांच्या वयाला, वजनाला आणि इतर औषधांना पाहून दिलेली आहे. त्या गटातील पुष्कळ गोळ्यांची सवय लागते आणि हळूहळू अर्धीची एक होते. आतापर्यंत किती घेतल्या हे डॉक्टरांना न लाजता सांगा. आणि ती अधूनमधून नव्हे तर रोज घेतली जात असेल, तर एकदम न थांबवता डॉक्टरांना विचारूनच कमी करा.

अडीचची जाग आली की काय करायचे, हे तुम्ही विचारले आहे. रात्रीच्या पहिल्या भागात झोप गाढ असते आणि उत्तररात्री ती हलकी होत जाते, त्यामुळे धास्तावलेले मन नेमके तेव्हा वर येते. घड्याळ पाहू नका. वीसेक मिनिटांत पुन्हा झोप लागत नाही असे वाटले तर उठा, मंद दिव्यात बसून कंटाळवाणे काहीतरी करा, लसूण सोला, धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घाला, आणि डोळे जड झाले की परत अंथरुणावर जा. मुख्य म्हणजे अंथरुणात पडून हिशेब करू नका, कारण शरीराला अंथरूण आणि काळजी यांची जोडी लागते आणि मग पाठ टेकताच जाग येते. हिशेबासाठी संध्याकाळची वीस मिनिटे राखून ठेवा, वहीत लिहा आणि वही मिटा. दुपारनंतरचा चहा बंद केला तर आठवड्याभरात फरक दिसेल. आणि दुपारी कितीही डोळा लागला तरी अर्ध्या तासापुढे झोपू नका.

पतींना डॉक्टरकडे नेण्याविषयी एक गोष्ट ध्यानात ठेवा, ‘मला काय याड लागलंय काय?’ या प्रश्नाचे उत्तर वाद घालून देता येत नाही, कारण त्यात प्रश्न कमी आणि भीती अधिक आहे. २०१५-१६ मध्ये देशातील १२ राज्यांत झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात सुमारे १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी काही ना काही मानसिक आजार असल्याचे आढळले. म्हणजे दहा माणसांच्या कट्ट्यावर एखादा असतोच. त्या सर्वांना ‘याड’ लागलेले नसते. पुरुषांमध्ये नैराश्य पुष्कळदा रडण्यातून न दिसता चिडण्यातून, अबोल्यातून आणि रात्रीच्या ‘थोड्याशा’ घेण्यातून दिसते. तुम्ही त्या घेण्याचा उल्लेख एका ओळीत केला आहे, तो मी वाचला. दारूने डोळा लवकर लागतो पण उत्तररात्रीची झोप मोडते, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवे, आणि ते डॉक्टरांनीच सांगितलेले बरे. म्हणून मनाचे नाव न काढता झोपेचे नाव काढा. ‘मला रात्री झोप लागत नाही, माझ्याबरोबर चला, तुमचंही बीपी बघून घेऊ,’ असे म्हणून नेहमीच्या डॉक्टरांकडे दोघे जा. तुमच्या बाबतीत हे निमित्तही नाही, ते सत्यच आहे. पुढे गरज वाटली तर सीपीआरमध्ये मनोविकार विभाग आहे, तेथे केसपेपर काढून तपासणी होते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क दिला आहे, हे त्यांना सांगा, कारण गल्लीत कळेल ही भीती खरी आहे आणि तिला उत्तर द्यायला हवे. गोळ्या सुरू झाल्या तर त्यांचा गुण दिसायला काही आठवडे लागतात. चौथ्या दिवशी ‘काही फरक नाही’ म्हणून सोडून देणे ही सर्वांत नेहमीची चूक आहे, आणि बरे वाटले म्हणून मनानेच बंद करणे ही तिच्या खालोखालची.

त्यांच्या तालमीतल्या जुन्या मित्रालाही कामाला लावा. कट्ट्यावर चल म्हणून आग्रह करायला नव्हे, कारण कट्ट्यावर चार लोक धंद्याचे विचारतात आणि त्यांना तेच टाळायचे आहे. मित्राने संध्याकाळी तुमच्या कारखान्यात येऊन नुसते बसावे. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करताना माणूस समोर पाहत नाही, हात गुंतलेला असतो, आणि अशा वेळी पुष्कळ पुरुष समोरासमोर जे बोलत नाहीत ते बोलून जातात. मित्राला एकच सांगा, सल्ला देऊ नकोस.

सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला २०१९ ची कथा पुन्हा पुन्हा सांगतात आणि मुलगी कान झाकून उठून जाते, असे तुम्ही लिहिले आहे. सांगणे ही सासूबाईंची गरज आहे आणि न ऐकणे ही मुलीची. दोघींनाही चुकीचे ठरवू नका. सासूबाईंना दुपारी एखादी समवयस्क शेजारीण मिळवून द्या. मुलीला बारावीच्या वर्षात पावसाळ्यापुरती अभ्यासिका लावून द्या.

घर विकण्याबद्दल माझे मत स्पष्ट आहे. मृगापासून अनंत चतुर्दशीपर्यंत हा निर्णय घेऊ नका. घाबरलेल्या मनाला विकणे म्हणजे सुटका वाटते आणि हट्टाला पेटलेल्या मनाला राहणे म्हणजे इज्जत वाटते, त्यामुळे दोन्हीत घराचा विचार बाजूला पडतो. दिवाळीनंतर हंगामाचा हिशेब झाला, जागरणे थांबली, की थोरल्या दिरांना बोलवून बसा. तेव्हा कदाचित घर ठेवून फक्त मूर्तींचे काम पावसाळ्यात उंचावरच्या भाड्याच्या शेडमध्ये नेण्याचा मधला मार्गही दिसेल. भाडे पडेल हे खरे, पण दोन हंगामांच्या बुडीत मालापुढे ते किती, हे त्या वहीत मांडून पाहा. दिरांचा सल्ला तुम्हाला टोचला तो त्याच्यातल्या मजकुरामुळे की तो त्या घरातून आला म्हणून, हेही तोवर स्वतःला विचारून ठेवा.

त्या घराबद्दल, म्हणजे जावेबद्दल, तुम्ही दीड पान लिहिले आहे, सावकाराबद्दल अर्धेच. यावरून मला कळते की खरे कोठे दुखते आहे. तीन आठवडे एका घरात दोन संसार, एक मोरी, पाण्याचे टँकर, ओले कपडे आणि माणशी एक चिंता, अशा वेळी ‘किती दिवस चालायचं हे’ असे एखादीच्या तोंडून निघते. ते पुरासाठी होते की तुमच्यासाठी, हे तुम्ही त्यांना कधी विचारले नाही. तुमच्या तोंडून जे निघाले तेही तुम्ही प्रामाणिकपणे लिहिले आहे, आणि ते हलके नव्हते. दुसऱ्याच्या घरी आश्रयाला राहणाऱ्याला उपकाराचे ओझे होते आणि ठेवून घेणाऱ्याला थकवा येतो. दोघींनाही आपले म्हणणे उघड बोलता आले नाही, म्हणून ते भांड्यांवरून आणि पाण्याच्या बादलीवरून निघाले. भांडणानंतरही निघताना त्यांनी डबा भरून हातात दिला होता. मी तुमच्या जागी असते तर त्या शब्दांपेक्षा त्या डब्यावर अधिक विश्वास ठेवला असता.

यंदाची कांदा-लसूण चटणी डंकावरून कुटून आणलीच असेल. डबा रिकामा परत करू नये, हे तुम्हाला मी सांगायला नको. बेंदराला तुमच्याकडे मातीचे बैल होतातच, त्यांतली एक जोडी त्यांच्या नातवासाठी वेगळी काढून ठेवा, आणि पाऊस वाढायच्या आत एका दुपारी तुम्ही एकट्याच जा. मागचे काही उकरून काढू नका, पण काहीच झाले नाही असेही दाखवू नका. ‘अक्का, डबा लई दिवस राहिला माझ्याकडं. तुमच्याकडं तीन आठवडे राहिलो, तेव्हा नीट बोलायचं राहूनच गेलं,’ एवढे दारातच म्हणा. त्यांनी आत या म्हटले, तर बसा आणि चहा घेऊनच परत या.